अक्रा अडीच दिवसांत: काय बघायचं, काय सोडायचं आणि कुठल्या वेळी

प्रश्न असा आहे: पुढच्या महिन्यात कामासाठी दोन आठवडे घानात, मुक्काम तेमा बंदराजवळ. मधला एक शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ असा वेळ मोकळा. यादीत एन्क्रुमा स्मारक, ब्लॅक स्टार स्क्वेअर, जेम्सटाउन, ओसूचा किल्ला, मकोला बाजार, राष्ट्रीय संग्रहालय, लाबाडीचा किनारा, आबुरी, केप कोस्ट, एलमिना आणि काकुमचं जंगल. सगळं बसेल का, एकट्याने फिरता येईल का, आणि शाकाहारी माणसाने खायचं काय.

सगळं बसणार नाही. पण त्याचं कारण ठिकाणं जास्त आहेत हे नाही. अक्रातली बहुतेक ठिकाणं लहान आहेत. पाऊण तास, फार तर दीड तास पुरतो. दिवस जातो तो दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर. सकाळी साडेसहा ते साडेनऊ सगळं अक्रा शहराच्या मध्याकडे सरकत असतं, दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात तेच सगळं बाहेर पडत असतं. जो प्रवास रविवारी सकाळी वीस मिनिटांचा, तो शुक्रवारी संध्याकाळी दीड तासाचा होतो. म्हणून ‘कुठली ठिकाणं’ हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते कुठल्या वेळी कुठल्या दिशेला तोंड करून निघायचं. लोकांचे कार्यक्रम आखताना मी ठिकाणांची यादी बाजूला ठेवतो आणि नकाशावर पट्टे काढतो. एका दिवसाला एक पट्टा, त्याच्या बाहेर जायचं नाही.

काही गोष्टी तुमच्या तारखांवर अवलंबून आहेत. एप्रिल ते जून मोठा पाऊस, त्यातही जून सगळ्यात ओला. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरा, लहान पाऊस. कोकणातल्या माणसाला हा पाऊस किरकोळ वाटेल, कारण अक्राची सरासरी वर्षाला जेमतेम ८०० मिलिमीटरच्या घरात आहे. पण गटारं तुंबतात आणि तासाभराच्या सरीनंतर रस्ते पाण्याखाली जातात. डिसेंबर ते फेब्रुवारीत सहारातून हरमाटन वारा धूळ घेऊन येतो. तेव्हा आभाळ मातकट असतं, दूरचे फोटो विसरायचे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. उन्हाळा आहे म्हणून संध्याकाळ लांबेल असं इथे होत नाही. साडेसहाला काळोख.

शुक्रवारी दुपारी काहीही बघायला जाऊ नका. एवढंच करा: तेमाहून दोनच्या आत निघून ओसू भागात हॉटेल घ्या आणि तिन्ही रात्री तिथेच राहा. तेमा ते अक्राचा मध्य हे अंतर तीसेक किलोमीटर. त्यातला १९ किलोमीटरचा मोटारवे १९६५चा, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्याच काळातला, आणि त्याच्या टोकाला टेटे क्वार्शी चौकात गाड्या अडकतात. रोज तेमाहून येऊन-जाऊन अक्रा बघायचं ठरवलंत तर अडीच दिवसांतले सहा-सात तास या एका रस्त्याला जातील. ओसूत राहिलात तर शनिवारचा अख्खा पट्टा चार-पाच किलोमीटरात येतो.

हा पट्टा म्हणजे समुद्राकाठचा रस्ता: पश्चिमेला जेम्सटाउन, पूर्वेला ओसूचा किल्ला. युरोपच्या तीन देशांनी इथे चार किलोमीटरच्या आत तीन किल्ले बांधले. डचांचा क्रेवकर, म्हणजे आजचा अशर फोर्ट, १६४९चा. इंग्रजांचा जेम्स फोर्ट १६७३चा. आणि डेन्मार्कचा क्रिस्तियान्सबोर्ग, ज्याला सगळे ओसू कॅसल म्हणतात, १६६१चा. एकमेकांच्या तोफांच्या आवाजात राहून तिघेही एकाच किनाऱ्यावरून सोनं आणि माणसं विकत होते. मुरुड ते रेवदंडा फिरलेल्या माणसाला किनाऱ्यावरची ही दाटी नवी वाटू नये, पण इथे किल्ल्यांच्या तोफा समुद्राकडे वळलेल्या आहेत. भीती जमिनीवरच्या राजाची कमी आणि दुसऱ्या युरोपीय जहाजाची जास्त होती.

शनिवारी सात वाजता जेम्सटाउनच्या दीपगृहाशी उतरा. टॅक्सीवाल्याला ‘जेम्सटाउन लाइटहाउस’ एवढंच सांगा, पत्ता लागत नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मनोरा २८ मीटर उंच. मूळ दीपगृह १८७१चं, आत्ताचं १९३०च्या दशकातलं. आतला जिना गोल आणि अरुंद, शेवटचा टप्पा तर जवळजवळ शिडीच. पाठीवर मोठी पिशवी असेल तर खालीच ठेवावी लागते. वर जायला तिथला राखणदार पैसे मागतो. ठरलेला दर नाही, घासाघीस होते, आणि ती वर जायच्या आधी करायची असते. मनोऱ्यावरून पत्र्याची छपरं, मासेमारीचं बंदर आणि पलीकडचा जेम्स फोर्ट एका नजरेत येतो; पुढचे दोन तास कुठे चालायचंय याचा अंदाज इथेच घ्या.

जुन्या फोटोंवर विसंबून मात्र जाऊ नका. दीपगृहाच्या पायथ्याशी रंगीत होड्या आणि झोपड्यांची गर्दी असलेले जे फोटो सगळीकडे दिसतात, ती वस्ती २०२० साली हटवली. चीनच्या मदतीने तिथे नवं मासेमारी बंदर उभं राहिलं आहे. होड्या आहेत, जाळी आहेत, मासळी धुरावणाऱ्या बायकाही आहेत, पण तो जुना पुळणीवरचा पसारा उरलेला नाही.

तुम्ही दोन आठवडे आहात, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. गा लोक, म्हणजे अक्राचे मूळ रहिवासी, मंगळवारी समुद्रात जात नाहीत. तो समुद्राचा विश्रांतीचा दिवस. नारळी पौर्णिमेआधी दर्याला नाव न लावणारे आपले कोळी वर्षातून एकदा जे पाळतात, ते हे आठवड्यातून एकदा पाळतात. मंगळवारी सगळ्या होड्या काठाला असतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, गप्पांना मोकळी. तेमातही मोठं मासेमारी बंदर आहे. एखाद्या मंगळवारी काम लवकर संपलं तर तिथेच चक्कर मारा, अक्रापर्यंत जायची गरज नाही. होडीतल्या माणसांचा फोटो काढण्याआधी विचारायचं. इथे लोक यावरून खरंच चिडतात.

जेम्स फोर्ट आणि अशर फोर्ट हे दोन्ही किल्ले नंतर तुरुंग झाले. जेम्स फोर्टमध्ये तर २००८पर्यंत कैदी होते. क्वामे एन्क्रुमा इथेच बंदिवान असताना १९५१च्या निवडणुकीत अक्रामधून निवडून आले, आणि १२ फेब्रुवारी १९५१ला सुटून थेट सरकार बनवायला गेले. त्यामुळे या इमारती किल्ला म्हणून बघायला गेलात तर निराश व्हाल: पडझड, तुरुंगाच्या कोठड्या, गंजलेल्या जाळ्या. तुरुंग म्हणून बघितल्यात तर त्यांचा अर्थ लागतो. आत जायला मिळेलच याची खात्री नाही. कधी डागडुजी, कधी किल्लीवाला गायब. बाहेरूनच बघावं लागलं तर हळहळू नका, पुढे चला.

कारण जेम्सटाउनचं खरं देणं गल्ल्यांमध्ये आहे. ब्राझील लेनमधलं ब्राझील हाउस शोधा. १८३६च्या सुमारास ब्राझीलमधून परतलेल्या, गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी कुटुंबांचं हे घर. त्यांना अजूनही ‘ताबोम’ म्हणतात, कारण कुणी काही विचारलं की ते ‘ता बों’, म्हणजे ‘ठीक आहे’, एवढंच उत्तर देत. गोव्यातल्या जुन्या घरांत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. भिंतींवरची मोठी चित्रं बहुतेक चाले वोते या रस्ता-कला महोत्सवातली. तो २०११पासून ऑगस्टमध्ये भरतो. आणि थोडं आत बुकोम, मुष्टियोद्ध्यांची वस्ती. अझुमा नेल्सन इथलाच, १९८४चा जगज्जेता. तालमी दुपारी चारनंतर भरतात, सकाळी शुकशुकाट असतो. तेवढ्यासाठी परत येऊ नका.

एकट्याने फिरण्याबद्दल. दिवसा जेम्सटाउन एकट्याने होतं, पण गाठीला स्थानिक माणूस असेल तर दारं उघडतात आणि पैसे मागणारे दहा जण एकावर येतात. दीपगृहाशी उतरताच चार ‘गाइड’ पुढे येतील. एकाला निवडा, किती वेळ आणि किती पैसे हे दोन्ही चालायला लागण्याआधी बोला, आणि बक्षिशी शेवटी वेगळी. वाटेत कुणी ‘शाळेसाठी’ वही पुढे केली तर नम्रपणे नाही म्हणा. काळोख पडल्यावर या भागात आणि कुठल्याही मोकळ्या किनाऱ्यावर पायी नको. मोबाइल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालू नका, मोटारसायकलवरून हिसकावतात. आणि चोरांपेक्षा जास्त लोकांना जायबंदी करणारी गोष्ट म्हणजे उघडी गटारं: कमरेइतकी खोल, कधी झाकण अर्धंच. नजर फोटोत आणि पाय गटारात, हा इथला नेहमीचा अपघात आहे.

साडेनऊपर्यंत जेम्सटाउन संपवा. हाय स्ट्रीटने पूर्वेकडे निघा. मकोला बाजार आत डावीकडे आहे. तो बघण्यापेक्षा त्यातून पार होण्याची गोष्ट आहे: कापड, मिरची, टोमॅटो, सुकी मासळी, गोगलगायी, केसांचे गंगावन. १९२४ला सुरू झालेला हा बाजार बायकांच्या हातात आहे. प्रत्येक मालाची एक ‘क्वीन’ असते आणि भाव तिच्या शब्दावर चालतात. १९७९च्या ऑगस्टमध्ये लष्करी राजवटीने साठेबाजीचा ठपका ठेवून मूळ बाजार सुरुंगाने उडवला. बायकांनी तो आजूबाजूला पुन्हा उभा केला. शनिवारी गर्दी भयंकर, रविवारी बहुतेक बंद. अर्धा तास पुरे. कॅमेरा बाहेर काढू नका, पाकीट पुढच्या खिशात, आणि मागून ‘आगो, आगो’ असा आवाज आला की बाजूला सरा, डोक्यावर पन्नास किलो घेतलेली मुलगी येत असते.

पैशांवरून आठवलं. घानाच्या चलनाचं नाव सेडी, आणि हा शब्द तिथल्या भाषेतल्या कवडीवरून आला आहे. पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं चलन म्हणून चाललेल्या कवड्यांचा मोठा भाग मालदीवमधून, हिंदी महासागरातल्या व्यापारातून गेला. आपली फुटकी कवडी आणि त्यांचा सेडी एकाच शिंपल्याचे. व्यवहारात: रोख सेडी लहान नोटांत ठेवा, शंभराची नोट सुटी करून द्यायला कुणी तयार नसतं. स्थानिक लोक मोबाइल मनीवर चालतात. पाहुण्याला त्याची खटपट दोन दिवसांसाठी परवडत नाही. प्रवेशशुल्क परदेशी माणसाला वेगळं आणि बरंच जास्त असतं. त्यावर वाद घालू नका, आपल्याकडेही तेच आहे.

क्वामे एन्क्रुमा स्मारकाला नवाच्या आधी जाऊन उपयोग नाही, म्हणूनच ते जेम्सटाउननंतर. ही जागा पूर्वी गोऱ्या अधिकाऱ्यांचं पोलो मैदान होती. ५ मार्च १९५७च्या मध्यरात्री एन्क्रुमांनी इथूनच स्वातंत्र्य जाहीर केलं. सहाराच्या दक्षिणेला वसाहतींमधून सुटलेला हा पहिला देश. समाधीची इमारत डॉन आर्थर या घानाच्या वास्तुविशारदाची, इटलीच्या संगमरवराने मढवलेली, १९९२ची. आकार उलट्या रोवलेल्या तलवारीचा आहे असं सांगतात, म्हणजे शांततेची खूण. एन्क्रुमा १९७२मध्ये बुखारेस्टला वारले. आधी गिनीत कोनाक्रीला, मग जन्मगावी एन्क्रोफुलला आणि तिसऱ्यांदा इथे त्यांचं दफन झालं. शेजारी त्यांची इजिप्शियन पत्नी फातिया.

इथे सगळे समाधीपुढे फोटो काढतात आणि निघतात. मागे जा. १९६६च्या लष्करी उठावात पाडलेला त्यांचा मूळ पुतळा तिथे आहे, बिनडोक्याचा, आणि तुटलेलं डोकं बाजूला वेगळ्या चौथऱ्यावर. ज्या देशाने पाडला त्यानेच पुढे मान दिला, आणि तो पुतळा सांधून न घेता तुटलेलाच ठेवला. या शहरातली मला सर्वांत बोलकी वाटणारी वस्तू हीच. २०२३मध्ये सगळ्या आवाराचं नूतनीकरण झालं, संग्रहालय आता नीटनेटकं आहे, तासभर द्या.

शेजारचं आर्ट्स सेंटर, म्हणजे ढोल, मुखवटे आणि केंते कापडाचा बाजार, घ्यायचं असेल तरच. दुकानदार हात धरून आत ओढतात. सांगितलेल्या भावाच्या एक तृतीयांशापासून सुरू करा आणि निम्म्याच्या आसपास थांबा. विणलेलं केंते आणि केंतेची नक्षी छापलेलं सुती कापड यांत फरक आहे: विणलेल्यात तळहाताएवढ्या रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना शिवलेल्या दिसतात आणि उलटी बाजूही रंगीत असते. छापील कापडाची उलटी बाजू फिकी. नाव विचारून गप्पांच्या भरात तुमच्या नावाचं कडं विणायला घेणारा कुणी भेटला तर लगेच थांबवा. विणून झालं की ते तुमचंच झालेलं असतं.

पुढे दीड किलोमीटरवर ब्लॅक स्टार स्क्वेअर. ऊन असेल तर टॅक्सी घ्या, वाटेत सावली नाही. इथे दोन कमानी आहेत आणि लोक त्यांत गोंधळतात. चौकाच्या मधोमध, माथ्यावर काळा तारा आणि खाली ‘स्वातंत्र्य आणि न्याय’ हे शब्द असलेली ती ब्लॅक स्टार गेट. समुद्राच्या बाजूला, मैदानातली ती इंडिपेंडन्स आर्च. मैदान १९६१चं, तीस हजार माणसं बसतील एवढ्या पायऱ्या. एरवी ते रिकामं आणि तापलेलं असतं, वीस मिनिटांत होतं. पाहारेकऱ्यांचे फोटो नकोत.

बाजूने जाणाऱ्या रस्त्याचं नाव मात्र वाचा: २८ फेब्रुवारी रोड. १९४८च्या त्या दिवशी निवृत्तिवेतन आणि नोकऱ्यांचं आश्वासन पाळा असं गव्हर्नरला सांगायला माजी सैनिकांचा निःशस्त्र मोर्चा ओसूच्या किल्ल्याकडे निघाला होता. पोलिसांच्या गोळ्यांनी तिघे मेले: अजेटे, अटिपो आणि ओडार्टे लॅम्प्टे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेच्या दोन डिव्हिजन, ८१वी आणि ८२वी, भारतात उतरून, तिथेच सराव करून ब्रह्मदेशात जपान्यांशी लढल्या होत्या. अक्रातल्या लष्करी मुख्यालयाला आजही बर्मा कॅम्प म्हणतात. या गोळीबारानंतर शहर पेटलं आणि स्वातंत्र्याचा मार्ग नऊ वर्षांवर आला.

मोर्चा ज्याच्याकडे चालला होता तो ओसू कॅसल इथून दिसतो. १६९३मध्ये अक्वामू या इथल्या राज्याच्या असामेनीने व्यापाऱ्याच्या वेशात माणसं आत घुसवून हा किल्ला घेतला आणि वर्षभर चालवला. डेन्मार्कने तरंगमबाडी आणि श्रीरामपूर १८४५ला इंग्रजांना विकलं, आणि पाच वर्षांनी हे किल्लेही, दहा हजार पौंडांना. १९०२पासून या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत देशाचं सरकार कमी-अधिक प्रमाणात इथूनच चाललं, म्हणून बंदोबस्त अजून कडक आहे. आत जायचं असेल तर हॉटेलवाल्याकडून आदल्या दिवशी चौकशी करून घ्या, आणि भिंतीजवळ कॅमेरा काढण्याआधी विचारा. सरकार आता ज्युबिली हाउसमधून चालतं. घानातल्या अशांती लोकांच्या राजसिंहासनासारखी, म्हणजे बसायच्या चौरंगासारखी दिसणारी ती इमारत मुंबईच्या शापूरजी पालनजींनी भारताच्या कर्जातून बांधली, २००८ला. जाता-येता गाडीतून दिसते. तिथेही फोटो नाही.

एक वाजता थांबा. ऊन आणि दमटपणा मिळून त्यानंतरचं चालणं कुणालाच झेपत नाही. जेवून, तासभर आडवे होऊन, तीन वाजता एकच ठिकाण निवडा. इतिहासाची आवड असेल तर कँटोन्मेंट्स भागातलं डू बॉईस केंद्र. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस १९६१मध्ये एन्क्रुमांच्या आमंत्रणावरून इथे आले आणि २७ ऑगस्ट १९६३ला, वॉशिंग्टनच्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी, इथेच वारले. घर, पुस्तकं, समाधी. वस्तू बघायच्या असतील तर बार्न्स रोडवरचं राष्ट्रीय संग्रहालय. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी उघडलेलं, अनेक वर्षं बंद राहून २०२२मध्ये पुन्हा सुरू झालेलं. दोन्ही करायला जाऊ नका. लाबाडीचा किनारा माझ्या यादीत नसतो. गोवा-कोकणातून गेलेल्याला त्यात नवं काही नाही, आणि समुद्र आत ओढणारा आहे. संध्याकाळी वाळूत बसायला ठीक. पोहायचं तर जीवरक्षक असतील तिथेच, आणि कमरेच्या पुढे नाही.

आता रविवार, आणि इथे तुम्हाला एक निवड करावी लागेल.

घानात पुन्हा येणं होणार नसेल तर केप कोस्टला जा. अक्राचे किल्ले त्याच्यापुढे पायरीसारखे आहेत. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये कासोआ आहे, जिथे शनिवारी तासभर गाडी हलत नाही. रविवारी सकाळी लोक चर्चमध्ये असतात, रस्ता मोकळा. पाचला निघालात तर आठपर्यंत पोचाल. गाडी चालकासकट दिवसभरासाठी ठरवा, पेट्रोल त्याच्याकडे की तुमच्याकडे हे आधी बोला. दोन किल्ल्यांपैकी एकच नीट बघा. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष कैद्यांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनाघर आहे. माहितगार तुम्हाला खाली उभं करून ते सांगतो, त्यानंतर फार बोलावं लागत नाही. एलमिना आणखी बारा-तेरा किलोमीटर पुढे. पोर्तुगीजांनी १४८२मध्ये, म्हणजे गोवा घेण्याच्या २८ वर्षं आधी बांधलेला. गोव्यातले किल्ले पाहिलेल्या माणसाला मी एलमिना सुचवतो: तेच पोर्तुगीज, तेच बांधकाम, धंदा वेगळा. परतीला एकच्या आत निघा. शनिवार-रविवारच्या अंत्यविधींना गावी गेलेलं अक्रा रविवारी संध्याकाळी याच रस्त्याने परत येतं. काकुमचा झाडांवरचा झुलता मार्ग, ३५० मीटर, सात पूल, सुंदर आहे. पण तो केप कोस्टपासून आणखी ३० किलोमीटर आत आहे. किल्ला आणि काकुम एका दिवसात अक्राहून करणारे लोक दहा तास गाडीत आणि तीन तास बाहेर असतात. त्यासाठी एक रात्र तिथे राहावं लागतं, ती तुमच्याकडे नाही.

पुन्हा येणार असाल, किंवा तळघरं बघायची मनाची तयारी नसेल, तर उत्तरेला आबुरी. १८९०ची वनस्पती बाग, टेकडीवर, दोन-तीन अंशांनी थंड. वाटेत पेदुआसेचं अध्यक्षीय विश्रामगृह लागतं, जिथे जानेवारी १९६७मध्ये नायजेरियाचे लष्करी नेते गोवोन आणि ओजुक्वू बियाफ्राचं यादवी युद्ध टाळायला बसले होते. बागेपलीकडे माम्पोंगला टेटे क्वार्शीचा कोकोचा मळा आहे. त्याने १८७९मध्ये फर्नांदो पो बेटावरून कोकोच्या बिया आणल्या, आणि घानाच्या अर्थकारणाचा मोठा भाग त्यावर उभा राहिला. शेंग फोडून आतला पांढरा गर चाखायला देतात. सीताफळाची आठवण येईल. नऊला निघून दोनला परत. मग तेशीच्या रस्त्यावर शवपेट्या करणाऱ्या सुतारांचे कारखाने बघता येतील: मासा, कोकोची शेंग, विमान, मर्सिडीज, ज्याचा जसा धंदा तशी पेटी. रविवारी काम बंद असतं, पण नमुने बाहेरूनही दिसतात. दोन आठवड्यांत एखाद्या कामाच्या दिवशी तेमाहून किनाऱ्याच्या रस्त्याने आलात तर ते चालू अवस्थेत बघाल. तेशी वाटेवरच आहे.

फिरायला ॲपवरची टॅक्सी सर्वांत सोपी: उबर, बोल्ट, यांगो तिन्ही आहेत. चालक फोन करून ‘कुठे जायचं, रोख की कार्ड’ विचारतो. ‘रोख’ म्हणालात तरच येतो. रस्त्यावरच्या, चारही कोपऱ्यांना पिवळा रंग असलेल्या टॅक्सीला मीटर नसतो. ‘ड्रॉपिंग’ म्हणालात की पूर्ण गाडी तुमची, नाहीतर ती वाटेत आणखी माणसं घेते. ट्रोट्रो, म्हणजे आपली वडाप, स्वस्त आणि मजेची, पण तुमच्या वेळात बसत नाही.

निघण्याआधीची दोन कामं. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड अक्रात उतरताना लागतं आणि मायदेशी परततानाही. नसेल तर भारतात सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, हा भाग मलेरियाचा आहे. आणि प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा असतो, अडॅप्टर इथूनच न्या.

शेवटी जेवण. ‘मांस नको’ म्हणालात तर मासळी येते, कारण मासळीला तिथे कुणी मांस धरत नाही. ‘मांस नको, मासे नको, कोळंबी नको’ असं तिन्ही म्हणायचं. खरा धोका काळ्या, तेलकट शिटो चटणीत आहे; तिच्यात सुकी मासळी आणि कोळंबीची पूड असते. सुरक्षित आणि चविष्ट म्हणजे कोसे, चवळीच्या डाळीचे वडे, सकाळी बाजरीच्या पेजेबरोबर मिळतात. रेड रेड, पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली केळी. यातही कधी सुक्या मासळीची पूड पडते, विचारून घ्या. भाजलेली राजेळी केळी आणि शेंगदाणे रस्त्याच्या कडेला कुठेही. रात्री केलेवेले: आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे. नाव ऐकून मराठीच वाटतं, आणि आहेही केळ्याचंच. पाणी पाकिटातलं चालतं, पण हॉटेलच्या बाटल्या बऱ्या.

सोमवारी सकाळी घाई नको. सगळं तेमा त्या वेळी अक्राकडे येत असतं, तुम्ही उलटे जाणार. साडेसहाला ओसूतून निघाल तर आठच्या आत कामावर. हॉटेलबाहेर ‘वाचे’ नावाचा भात विकणाऱ्या बाईपाशी रांग लागलेली असेल. तांदूळ आणि चवळी ज्वारीच्या लालसर पानांबरोबर शिजवलेला हा भात पानातच बांधून देतात. ती वर शिटोचा चमचा घालायला हात नेईल, त्याआधी ‘नको’ म्हणा.